काट्यावर फोडलेला नारळ

आमच्या दुकानात बिलाचं मशीन आलं तेव्हा आसपासच्या लोकांना वाटलं, यांचं बरं चाललंय. "काय काकू, मॉल काढताय की काय?" असं एक जण म्हणालासुद्धा. मी हसून वेळ मारून नेली. त्याला काय सांगणार? मला मशीनची काडीची हौस नव्हती. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, परत गल्ल्यावर बसवायचं होतं, एवढ्यासाठी ते आणलं होतं.

दुकान नवीन पनवेलात, आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर. दुकानाच्या बरोब्बर डोक्यावर आमचं घर. मी लग्न होऊन आले तेव्हा समोर नुसतं गवत होतं आणि लोक घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहायला यायला घाबरायचे. हे तेव्हापासून त्या गल्ल्यामागे उभे. डाव्या हाताला तराजू, तराजूच्या पायाशी लोखंडी वजनं, उजवीकडे दोऱ्याचं रीळ. गिऱ्हाईक सामान सांगत असायचं आणि हे माल काढता काढता मोठ्याने बेरीज करत असायचे. "पंचेचाळीस नि बारा सत्तावन्न, नि साडेआठ साडेपासष्ट," असं एका चालीत चालायचं. आमची मुलगी लहानपणी दुकानातल्या झोळीत त्या चालीवर झोपायची. अंगाई मला कधी म्हणावीच लागली नाही.

आणखी एक खोड होती. माप पुरं झालं, पारडं झुकलं, तरी वर एक चिमूट टाकल्याशिवाय ह्यांना पुडी बांधता यायची नाही. डाळ असो, मिरची असो. मी चिडायचे. "अख्खं पनवेल पोसायचा मक्ता घेतलाय का तुम्ही?" म्हणायचे. हे म्हणायचे, "अगं, हात आपोआप जातो." उरणकडून मासळी विकायला येणारी एक कोळीण होती. टोपली रिकामी झाली की परतीच्या वाटेवर आमच्याकडे सामान घ्यायची. तिला ही खोड पक्की ठाऊक. पुडी बांधायच्या आधी ती नुसती ह्यांच्या हाताकडे बघत राहायची.

मग एका सकाळी शटर उघडताना हे अर्ध्यावर थांबले. मला वाटलं शटर अडकलं. शटर ठीक होतं. उजवा हात-पाय गेला होता, तोंड वाकडं झालं होतं.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पाय बरा झाला होता, काठी घेऊन चालता येत होतं. शब्द एकेक करून परत येत होते. "पाणी" आला, "अगं" आला, "नको" आला, "बसा" आला. आकडे मात्र आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, मेंदूत शब्दांची जागा वेगळी असते, आकड्यांची वेगळी असते, काही सांगता येत नाही. सगळ्या आकड्यांत एकच शिल्लक राहिला होता, बासष्ट. का बासष्ट, देव जाणे. वय विचारा, बासष्ट. किती वाजले, बासष्ट. हट्टाने मी ह्यांना आठवड्याभरात खाली दुकानात नेऊन बसवलं, तर तुपाच्या बरणीची किंमतही बासष्ट निघाली. आणि बासष्टला तूप न्यायला एक सद्गृहस्थ लगेच तयार! मी आतून आले म्हणून बरणी वाचली. त्या गृहस्थांना मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

त्या दिवसापासून हे खाली यायला तयार होईनात. सकाळी मी खाली जाऊन शटर उघडलं की त्याचा आवाज वर जायचा, आणि हे भिंतीकडे तोंड करून झोपायचे. जेवायला उठायचे, परत भिंत. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणायची, "आई, गाळा भाड्याने दे. बाबांना सांभाळ, आराम कर." तिचं काही चुकत नव्हतं. घरबसल्या दहा मिनिटांत सामान येण्याच्या दिवसांत आमच्या दुकानाला तसाही काय भाव होता? पण मला दिसत होतं की हा माणूस त्या भिंतीकडे बघत बघत संपणार. मला दुकान नाही वाचवायचं, ह्यांना वाचवायचंय, हे फोनवर नीट सांगता आलं नाही, मग मी उगाच तिच्यावरच ओरडले.

मशीनचे मेकॅनिक उलव्याहून स्कूटरवर यायचे. माझ्याच वयाचे, आधी कुठल्याशा कारखान्यात होते, तो बंद पडल्यावर हा धंदा धरलेला. सगळं मांडून झाल्यावर म्हणाले, "वहिनी, यात माणसाला काहीच यावं लागत नाही. लाल उजेड पाकिटावर धरायचा. बीप झालं की किंमत आपोआप. बेरीज आपोआप." ते माल खपवायला बोलत होते. मी मात्र ते वाक्य डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं उराशी धरलं.

मग सगळं दुकान मी त्या लाल उजेडाच्या मापाने बदललं. सुटा माल बंद. डाळ, साखर, रवा, पोहे, सगळं मी दुपारी मागच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून पाकिटात भरायचे, तोंड चिकटवायचे, वर स्टिकर लावायचे. अगदी नारळालासुद्धा स्टिकर लावला. जुना तराजू माळ्यावर टाकला आणि लोखंडी वजनं भंगारात दिली. सकाळी काटा गल्ल्याशेजारी, तराजू असायचा त्याच जागी आणून ठेवायचा, कारण फुटकळ काही तोलावं लागलंच तर जवळ हवा.

मशीनही काही कमी लाडावलेलं नव्हतं. बेसन आणि मिरचीची पूड पंख्यात जाऊन कॉम्प्युटर तापायचा. मी रंगाच्या ब्रशने रोज झाडायचे. स्कॅनरची काच चष्म्याच्या कापडाने पुसायची. बिलाच्या कागदाचा रोल उलटा बसवला की कोरा कागद बाहेर यायचा, आणि हे तो कोरा कागदही मोठ्या ऐटीत फाडून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. पावसाळ्यात स्टिकर सुटायचे. एकदा उंदराने वायर कुरतडली. सगळ्यांत वाईट म्हणजे एकाच साबणाचा जुना आणि नवा भाव. स्कॅन केलं की पडद्यावर दोन किमती यायच्या आणि मशीन विचारायचं, कुठली? तिथे ह्यांचं बोट हवेत थांबायचं. मी आतून पीठभरल्या हातांनी धावत यायचे आणि बटण दाबायचे. पुढे मी साबणांवरही आपलेच स्टिकर लावायला लागले, म्हणजे मशीनने ह्यांना काही विचारूच नये.

आणि जमलं की हो! हे रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून खाली यायला लागले. डाव्या हातात स्कॅनर, समोर पाकीट, बीप. पुढचं पाकीट, बीप. बिल फाडलं की "या," म्हणायचे. लोकही सांभाळून घ्यायचे. हळूहळू "कसं काय", "पाऊस", "पोरगी बरी?" असे शब्द तिथे बसून परत आले. घरी एकही आला नव्हता. मी मागच्या खोलीत पाकिटं भरत बीप ऐकायचे, आणि झोळीतल्या पोरीसारखी मलाच तिथे बसल्या बसल्या डुलकी लागायची.

फक्त कोळीण नाराज होती. "आमाला पाकीट नको शेट," ती म्हणायची. "त्याच्यात वरची चिमूट कुटं हाय?" हे हसायचे. मी चिकटवलेल्या पाकिटाच्या तोंडावर हे एकदा बोट फिरवायचे आणि स्कॅनर उचलायचे.

मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे तराजूची पूजा असते. सासऱ्यांपासूनची रीत. तराजू चिंचेने घासायचा, झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू लावायचं, आणि सर्वांत मोठ्या लोखंडी वजनावर नारळ आपटून फोडायचा. नारळाचं पाणी पारड्यावर शिंपडायचं आणि मग पहिलं गिऱ्हाईक. त्या दिवशी मी बाहेर उंबऱ्याला तोरण बांधत होते. कोळीणही आली होती, तिला दोन नारळ हवे होते. आत हे उठले. खाली वाकून वजनं शोधली, ती नव्हती. मग त्याच जागी ठेवलेल्या काट्याच्या स्टीलच्या ताटलीवर कुंकू लावलं, नारळ उजव्या हातात घेतला. हो, उजव्या. आणि हात वर नेऊन असा आपटला की एका घावात दोन वाट्या. पाणी ताटलीभर.

"हात आला! शेटचा हात आला!" कोळीण ओरडली. मी स्टुलावरून उतरले की पडले, आठवत नाही. ज्या हाताने चमचा धरवत नव्हता त्या हाताने नारळ फोडला होता. हे स्वतःच्या हाताकडे बघून हसत होते आणि मी सगळ्यांसमोर रडत होते. खोबऱ्याचे तुकडे करून मी अख्ख्या सेक्टरला वाटले. आयुष्यात मी तितकी आनंदात क्वचितच असेन. काट्याकडे कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशी बघितलं. काट्यावर काही नसताना आकडा दिसत होता. मी झीरोचं बटण दाबलं, शून्य झालं. पुसून, उन्हात वाळवून घेतला. चालला. आता आठवतं, त्यानंतर ते बटण मी रोज दाबत होते. पण मशीन म्हटलं की हे असायचंच, आज प्रिंटर, उद्या काटा, असं मला वाटायचं.

समोरच्या टॉवरमध्ये नव्याने राहायला आलेले एक साहेब होते. ऑफिसवाले, नेमस्त खाणारे. घरी स्वयंपाकघरात छोटा काटा ठेवून डाळ-तांदूळ तोलून शिजवायचे. दिवाळीनंतर एका संध्याकाळी, दुकानात रांग असताना, ते आमचीच दोन पाकिटं घेऊन आले आणि ह्यांच्यासमोर गल्ल्यावर ठेवली.

"काका, ही किलोची पाकिटं. घरी चेक केली. दोन्ही कमी भरतात. मागच्या वेळचंही कमी होतं. तुम्ही माप मारताय, काका. दिस इज चीटिंग."

मी मागच्या खोलीत होते. हातातलं टाकून बाहेर येईपर्यंत ह्यांनी तोंड उघडलं होतं. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. सगळी ताकद लावून ह्यांनी बोलायचा प्रयत्न केला आणि जे बाहेर आलं ते होतं, "बासष्ट."

रांगेत कुणीतरी हसलं.

मी साहेबांवर तुटून पडले. "तीस वर्षं ह्या माणसाने माप झाल्यावर वर टाकलंय, विचारा कुणालाही! आजारी माणसाला चोर म्हणता? लाज वाटत नाही?" मोठमोठ्याने बोलत मी कंपनीचं मिठाचं सीलबंद पाकीट काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं काट्यावर ठेवलं. एक किलोचं पाकीट. काटा त्याहून चांगलंच जास्त दाखवत होता. म्हणजे मी एक किलो म्हणून भरलेलं प्रत्येक पाकीट कमी होतं. साहेब खरं बोलत होते, आणि मला तेच सहन झालं नाही. रांग आपोआप पांगली. संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमचं दुकान होतं.

मेकॅनिक दुसऱ्या दिवशी आले. हे आपल्या जागेवर होते, शर्ट इस्त्रीचा. मेकॅनिकनी गल्ल्यावरच काटा उलटा करून खोलला. आत गंज चढला होता. "वहिनी, याच्यावर काय आपटलंत? वजन पेलणारा तुकडाच वाकलाय. आणि पाणी गेलंय." मग चिमट्याने आतून काहीतरी ओढून त्यांनी उजेडात धरलं. काथ्या होता, नारळाच्या शेंडीचा.

"माझ्या हातून तेलाचा डबा पडला होता," मी घाईने म्हणाले.

मेकॅनिकनी एकदा काथ्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो टाकून दिला. हे रस्त्याकडे बघत होते. बरं झालं, ह्यांचं लक्ष नव्हतं, असं मला वाटलं.

दुसऱ्या सकाळी मी शर्ट पुढे केला तर हे म्हणाले, "नको." त्यानंतर हे खाली आले नाहीत.

मी साहेबांना शिव्या घातल्या. मनात, घरात, मुलीजवळ, कोळणीजवळ. एका माणसाच्या एका वाक्याने ह्यांना मारलं, अशी माझी खात्री होती. शेवटी साहेबांच्या कानावर गेलं असावं. एके रविवारी ते फळं घेऊन घरी आले. खरंच ओशाळले होते. "सॉरी काका, मला तुमच्या तब्येतीचं माहीत नव्हतं. मशीनचा प्रॉब्लेम होता." ह्यांनी त्यांना "बसा" म्हटलं. चहा झाला. राग कुठेच नव्हता चेहऱ्यावर. मला वाटलं, संपलं, उद्या येतील खाली. रात्रीच शर्टाला इस्त्री करून ठेवली. सकाळी परत "नको", आणि भिंत.

आता दुकानात मी एकटी. नवा काटा आणलाय, शिक्का मारलेला, अगदी काटेकोर. स्कॅनर मीच चालवते. काय सांगू, दुकान इतकं सुरळीत कधी चाललं नव्हतं. रांग म्हणून लागत नाही. ग्रुपवरचं लोक विसरले. "काकू, आता कसं पटापट होतं!" असं गिऱ्हाईक कौतुकाने म्हणतं तेव्हा ते पाकीट त्याच्या डोक्यात घालावंसं वाटतं. पूर्वी ह्यांच्यासाठी थांबायला लागायचं, असंच ते मला चांगुलपणाने सांगत असतं. आणि मशीन तर हट्टाने बिघडत नाही. ज्या माणसाला बसवायला आणलं तो वर झोपलाय, आणि हे खाली बीप बीप करतंय. बंद करावं तर दुकान चालत नाही, दुकान बंद करावं तर ह्यांची गोळ्या-औषधं कशातून आणायची? मुलीला भाड्याचं विचारायचं म्हणते आणि फोन केला की दुसरंच बोलते.

ह्यांचे शब्द परत जायला लागलेत. "पाऊस" गेला. "कसं काय" गेलं. हातही परत लुळा पडलाय, चमचा मी धरते. डॉक्टर म्हणतात, त्यांना गुंतवून ठेवा. गुंतवून ठेवा म्हणे! मी दुसरं काय करत होते?

यंदाच्या दसऱ्याला मला एक कल्पना सुचली. खाली येत नाहीत तर नकोत, नारळ वर नेऊ. तोच हात, तीच ताकद, एकदा आपटला की काहीतरी परत जागेवर येईल, असं माझ्या डोक्याने घेतलं. दुकानातल्या रॅकवरून चांगला जड नारळ निवडला, स्टिकर काढला, वर नेला. स्वयंपाकघरातला दगडी पाटा ह्यांच्या पलंगाशी आणला, त्यावर हळदकुंकू वाहिलं. ह्यांना उठवून बसवलं आणि उजव्या हातात नारळ दिला, खालून माझा हात लावून.

"फोडा," मी म्हटलं. "गेल्या वर्षीसारखा."

ह्यांनी नारळाकडे बघितलं, पाट्याकडे बघितलं. बराच वेळ ओठ हलत होते. मला वाटलं आता बासष्ट येणार.

"नको," हे म्हणाले. "काटा मोडेल."

मी काही बोलायच्या आत ह्यांनी तो नारळ डाव्या हाताने उचलून परत माझ्या हातात ठेवला. म्हणजे त्या दिवशी रस्त्याकडे बघत ह्यांनी सगळं ऐकलं होतं. साहेबांचं नव्हे, मेकॅनिकचं बोलणं ह्यांना लागलं होतं. "अहो, तो डबा पडला होता माझ्या हातून," मी म्हटलं. ह्यांनी मान हलवली, लहान मुलाच्या थापेला हलवावी तशी, आणि भिंतीकडे वळले. वर्षभर हे त्या भिंतीकडे तोंड करून काय बघत होते ते मला तेव्हा कळलं, आणि त्यावर माझ्याकडे काहीही उपाय नव्हता. आजही नाही.

मी पाटा जागेवर ठेवला. खाली आले. नारळाला नवा स्टिकर लावला आणि रॅकवर ठेवला. काट्याला कोरडंच हळदकुंकू लावलं, पाणी लागू न देता. कोळीण आली, म्हणाली, "शेटनी फोडला काय नारळ?"

"फोडला," मी म्हटलं.

तिने रॅकवरचे दोन नारळ उचलून गल्ल्यावर ठेवले. मी स्कॅनर धरला. दुपारपर्यंत रॅक रिकामा झाला होता, आणि आमचा नारळ कुणाच्या पिशवीतून गेला ते मी पाहिलंही नाही.